पट्टीच्या पोहणाऱ्यालाही थंडी बाधते

धरणात किंवा नदीच्या डोहात कोणी बुडाले की गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हाक जाते. अंगावर हाफ पँट, कमरेला दोर, एवढ्यावर ही माणसे ऐन थंडीत मुळा-प्रवरेच्या पाण्यात तासन्‌तास बुड्या मारतात. अशाच एका शोधानंतर आमच्या अपघात विभागात आणलेल्या तरुणाला शर्टाची बटणे लावता येत नव्हती, बोलताना जीभ अडखळत होती. ‘सवय आहे डॉक्टरसाहेब, दमलोय फक्त,’ तो म्हणाला. त्याच्या शरीराचे तापमान ३४ अंश सेल्सिअस होते. ३५च्या खाली गेले की आम्ही त्याला हायपोथर्मिया म्हणतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. थंड पाण्यात शिरताच पहिल्या मिनिटात धाप लागते. तेव्हाच नाकातोंडात पाणी जाण्याचा धोका असतो. मग हातापायांतले बळ जाते आणि त्यानंतर शरीर आतून गार पडू लागते. पोहण्याचे कसब यापुढे हतबल ठरते. ऊब येण्यासाठी घेतलेली दारू तर घातच करते. त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते.

यावर उपाय आहे वेटसूट. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केला. तो अंग कोरडे ठेवत नाही. निओप्रीन या स्पंजासारख्या रबरातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे उष्णता अडवतात आणि आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने कोमट राहते. सूट ढिला असेल, तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करते आणि महागडा सूटही वाया जातो. काखेत, कमरेच्या मागे, जांघेत पोकळी नको. मात्र छाती भरून श्वास घेता आला पाहिजे आणि गळपट्टी मानेवर दाबता कामा नये. त्याने चक्कर येऊ शकते.

जाडीही महत्त्वाची. तारकर्लीच्या उबदार समुद्रात ३ मिलिमीटर पुरते. गार पाण्यासाठी ५ किंवा ७ मिलिमीटर आणि सोबत टोपी, हातमोजे, पायमोजे हवेत. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात आणि ऊब घटते. म्हणून खोल शोधासाठी जाड सूट घ्यावा.

मे २०२४मध्ये अकोले तालुक्यातील सुगावजवळ प्रवरेत शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवानांनी प्राण गमावले. तिथे घात प्रवाहाने केला. वेटसूट त्यावरचा उपाय नव्हे आणि तो लाइफ जॅकेटची जागाही घेत नाही. पण शोधणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा आहे, हे त्या घटनेने शिकवले.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक तालुक्याने अशा पोहणाऱ्यांची यादी करावी, एकाच मापाचे गठ्ठे न घेता प्रत्येकाच्या मापाचा सूट घ्यावा आणि तारकर्लीतील पर्यटन महामंडळाच्या स्कूबा संस्थेसारख्या ठिकाणी त्यांना प्रशिक्षण द्यावे. तोवर गावाने एवढे तरी करावे: पाळीपाळीने माणसे उतरवावीत, बाहेर आलेल्याचे ओले कपडे लगेच काढून त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळावे आणि बोलणे अडखळले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.