आतडं काढलं, तरी रक्त का?

प्रश्न : आम्ही गुरुग्रामला राहतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे माझ्या पतींचं मोठं आतडं काढून पाउच बनवला. वर्षभर ठीक होतं. आता दिवसातून 12 वेळा शौचाला जावं लागतं, कधी रक्तही दिसतं. आजार परतला का?

उत्तर : पाउचनंतर दिवसातून 5-6 वेळा जाणं स्वाभाविक आहे. अचानक वाढ, मुरडा, ताप, रात्री नकळत गळणं ही पाउचला सूज आल्याची, म्हणजे पाउचायटिसची लक्षणं असू शकतात. रक्त मात्र अनेकदा गुदाशयाच्या शिल्लक पट्टीतून येतं. मूळ आजार तिथे धुमसत राहू शकतो. मूळव्याध समजून बसू नका. जुन्या चिठ्ठीवरची अँटिबायोटिक्सही नकोत, कारण नेमकं दुखणं दुर्बिणीच्या तपासणीत आणि बायोप्सीतच कळतं. सर्जनना याच आठवड्यात दाखवा. ताप चढला किंवा रक्त वाढलं तर त्याच दिवशी. तोवर ओआरएस द्या. मोठं आतडं नसल्याने पाणी आणि मीठ लवकर घटतं, त्यात तिकडचा उन्हाळा!