शंका काढणाऱ्याला खाली बसवू नका



गेल्या वर्षावासात धुळ्याजवळच्या एका विहारात वाचन चालू असता एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "वकीलसाहेब, आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा?" मी तोंड उघडण्यापूर्वीच दोघातिघांनी "बाबा, अशी शंका काढू नये" म्हणून त्यांना खाली बसविले. मला फार वाईट वाटले. हाच पेच बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभी स्वतः मांडला आहे. जी शंका ग्रंथकर्त्याला शोभली ती त्याच्या अनुयायाला शोभू नये, हा न्याय कोठला?

आपल्या घरी वंदना होते, बाबासाहेबांची तसबीर आहे. परंतु 'मिलिंदपञ्ह' किती घरांत आहे? औरंगाबादेस १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन म्हणू लागले. आपली कित्येक मुले तेथे शिकली. त्या दोन नावांमधील संभाषण मात्र आपण उघडून पाहिले नाही.

मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. वादात भल्याभल्यांना निरुत्तर करण्याची त्याला हौस. भिक्षू नागसेनाने आधीच अट घातली की, पंडितांच्या रीतीने बोलणार असलास तरच बोलेन, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या वादात चूक दाखविली तर कोणी रागावत नाही. राजांच्या वादात न पटणाऱ्यास दंड होतो. त्या वृद्धाला खाली बसविणारे आपण कोणत्या रीतीचे, हे आपणच ठरवावे.

मी न्यायालयात उभा राहणारा मनुष्य. म्हणून या ग्रंथातील आंब्याचा खटला मला विशेष प्रिय आहे. चोर म्हणतो, याने पुरला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. मग चोरी कसली? बचाव मोठा नामी! पण हाच बचाव रावेर-यावलच्या शेतकऱ्यापुढे करून पाहा: तुझा तो कंद, मी कापला तो केळीचा घड! कंद आणि घड एक नव्हेत, पण घड आला तो त्या कंदापासूनच. नागसेनाच्या मते कर्माचे फळ असेच येते. मध्ये आत्मा नावाचा प्रवासी लागत नाही.

ग्रंथातील सर्वच उत्तरे मला पटतात असे नाही. चमत्कारांचे समर्थन करणारी पाने आली की मी मुलांनाच आक्षेप घ्यावयास सांगतो. ब्रह्मदेशात हा ग्रंथ तिपिटकात धरतात, श्रीलंकेत धरीत नाहीत. तेव्हा मतभेदाने धम्म बुडत नाही. १९३७ साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले, त्याची आठवण म्हणून आपण ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. हार घालून झाल्यावर तेथे हा आंब्याचा खटला मोठ्याने वाचावा, अशी माझी सूचना आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना मी तो पुढच्या रविवारी ऐकविला. ते म्हणाले, "चोराचे कळले. पण चोराला आपली चोरी आठवते. मला मागचा जन्म आठवत नाही, आणि त्याच्याच पापाच्या नावावर माझ्या आज्याला गावाबाहेर ठेवले. त्याचे काय?"

मजजवळ तयार उत्तर नव्हते. येत्या रविवारी त्यांना पुढे बसवून त्याच प्रश्नापासून वाचन सुरू करणार आहोत.