पेन्शनची वाट बघत बसू नका

रायपूरला पोस्टिंग आली आणि बूढातालाबाजवळ माधवराव सप्रे शाळेची पाटी दिसली. मराठी आडनाव पाहून थांबलो. सप्रेंनी पेंड्र्याला राजकुमाराची शिकवणी करता करता 1900 मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. तीन वर्षांत ते बंद पडलं, पण हाताला लागलेलं काम वाया गेलं नाही. पुढे त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालवला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं.

आपलं काय? शिपाई पेन्शनवर घरी येतो तेव्हा बहुतेकदा चाळिशीही गाठलेली नसते. मुलं शाळेत, डोक्यावर कर्ज. अग्निवीराला तर चारच वर्षं, आणि चारांतला फार तर एक कायम होणार.

आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “साहेब, आधी कायम होऊ दे, मग बघू.” मला हे पटत नाही. कायम होणं त्याच्या हातात नाही, शिकणं आहे. ड्रायव्हरने गाडीची दुरुस्ती शिकावी, क्लार्कने हिशेबाचं काम, बारावीवाल्याने पदवीचा फॉर्म भरावा. कायम झाला तरी यातलं काही फुकट जात नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझा पदवीचा फॉर्म भरायला सर्व्हिसचं चौदावं वर्ष उजाडलं. आता रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. त्या पोराचं दुसरंच वर्ष आहे. काल रोल कॉलनंतर त्याला शेजारी बसवून फॉर्म भरून घेतला.