हात सुटना का मानूस गया

२७–२२. पाच गुणांनी आम्ही पुढे, खेळ चार मिनिटांचा उरलेला, आणि समोरच्या संघाची तिसरी चढाई. आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या. म्हणजे आता त्यांच्या गड्याला गुण घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. रिकामा गेला की तोच बाद. कबड्डीत इतकं सोपं काम दुसरं नसतं. आमच्या चौघांनी फक्त मागं सरकायचं, एकमेकांचे हात धरायचे आणि तीस सेकंद त्याला शिवू द्यायचं नाही. बस्स. गुण आपोआप आपल्या पदरात.

अमळनेरकडच्या एका गावातली ती अंतिम लढत. आम्ही साक्री तालुक्यातून दोन टेम्पो भरून गेलो होतो. थंडी अशी की दात वाजत होते, पण ओरडून ओरडून माझ्या अंगाला घाम सुटला होता.

आणि आमच्या उजव्या कोपऱ्यानं एकट्यानं झेप घेतली.

घोटा हाताला लागला, नाही असं नाही. क्षणभर पकड दिसलीही सुरेख. पण बाजूचा गडी त्याचा हात सोडून केव्हाच दोन पावलं लांब उभा होता. समोरचा गडी पाय ओढत मध्यरेषेकडे निघाला, तेव्हा आमचा दुसरा धावला, तोही एकटाच. तो खाली पडल्यावर तिसरा. एकेक करून आले आणि एकेक करून बाद झाले. तिघं एकदम धावले असते तर तो गडी जागेवर बसला असता. २७–२५. मैदानात उरला एक. त्याला चढाईला जावंच लागलं, त्याची पकड झाली, एक पकडीचा आणि दोन लोणाचे. २७–२८. मिनिटभरात पाच गुणांची आघाडी संपून आम्ही एकानं मागे. पुढचं सांगत नाही. परतीच्या टेम्पोत कोणी कोणाशी बोललं नाही. धुळ्याच्या पुढं एका ठिकाणी चहाला थांबलो, तिथं मात्र भांडण पेटलं.

"चढाईवाला थकला म्हणून हारलो," सगळ्यांचा निकाल हाच.

मी म्हणालो, चढाईवाल्याचं काय घेऊन बसलात? आपल्याला उभं राहता येत नाही म्हणून हारलो. त्यावर माझा पुतण्या, जो त्या चौघांत होता, म्हणाला, "दादा, तुमले काय समजस कबड्डीमा?"

समजतं ते सांगतो. मी कधी मोठा खेळाडू नव्हतो. शाळेच्या संघात राखीव म्हणून बसायचो. पण आमच्या शाळेत एक गुरुजी होते. शाळेमागच्या मुरमाच्या जागेवर ते स्वतः फक्की टाकून मैदान आखायचे आणि पहिला महिनाभर आम्हाला चढाई करूच द्यायचे नाहीत. दम घुमवायचा नाही, मांडीवर थाप मारायची नाही. दोघांनी हात धरायचे आणि डावी-उजवीकडे सरकायचं. डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन पावलं, मागे दोन. सगळी संध्याकाळ हेच. पोरं कंटाळून रडकुंडीला यायची. कोणाचा हात सुटला की गुरुजी शिट्टी मारायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "हात सुटना का मानूस गया." मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या वेळी वाटायचं, म्हातारा उगाच छळतो. आज कळतं. साडेसहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा अर्ध्या मैदानात सात माणसं उभी असतात. दोन कोपरे, त्यांना लागून आतले दोघं, मग दोन कव्हर, आणि मधला एक. कोपऱ्यानं पाय धरायचा, पण धरल्यावर गडी उलटा वळतो, त्याच क्षणी कव्हरनं कंबरेला भिडायचं आणि बाकीच्यांनी मध्यरेषेकडची वाट बंद करायची. पाय धरणाऱ्याचं काम अर्धंच असतं. उरलेलं अर्धं काम ज्यांचं, त्यांचं नाव कोणी घेत नाही.

आता आमच्या गावचा सराव बघा. संध्याकाळी सात-आठ पोरं येतात. प्रत्येकाला चढाईच करायची असते. मोबाइलवर प्रो कबड्डीच्या उड्या बघितलेल्या. कोणी डोक्यावरून उडी मारतो, कोणी बोनस रेषेवर पाय टेकवून मिशीवर ताव देतो. साखळीचा सराव करा म्हटलं तर हसतात. निदान रेषा कशासाठी आखलेली असते, हे आमच्या संघातल्या दोघांना सांगता आलं नाही. खोटं वाटत असेल तर येऊन विचारा. तीन वर्षं स्पर्धा खेळतात आणि चढाईवाल्यानं कोणती रेषा ओलांडलीच पाहिजे ते माहीत नाही!

तुम्ही म्हणाल, टीव्हीनं बिघडवलं. मला ते पटत नाही. टीव्हीवर सगळं असतं, आपण काय बघतो ते आपल्यावर. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटननं हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. किती कमी गुणांचा सामना तो! दोन्ही बाजूंनी पकडीच पकडी. आमच्या पोरांनी त्यातली पंकज मोहितेची एक मोठी चढाई तेवढी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. बाकीचा सामना 'बोर' झाला म्हणाले.

२०१८ ची जकार्ताची गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. १९९० पासून आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीचं सुवर्ण सात वेळा ओळीनं आपलं, आणि त्या वर्षी उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला २७–१८ असं बसवलं. दुसऱ्या दिवशी बायकांच्या अंतिम सामन्यात इराणच्या पोरींनी आपल्या पोरींना २७–२४ असं हरवलं. त्या इराणी पोरींची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आमच्या साक्रीहून नाशिक ते केवढं? सकाळच्या एसटीनं गेलं तर दुपारी तिथं पोचतो माणूस. इतक्या जवळच्या बाईकडचं शिक्षण इराणच्या पोरींपर्यंत पोचलं आणि आमच्या गावापर्यंत नाही पोचलं. हरल्याचं दुःख मला झालंच. पण लाज वाटली ती वेगळीच.

आणि एकजूट ही काय आम्हाला बाहेरून आणायची वस्तू आहे का? पांझरेच्या काठी आमच्या वाडवडिलांनी फड बांधले. बंधारा एक, पाट एक, एका फडात सगळ्यांचं पीक एक. या फडात यंदा ऊस म्हणजे सगळ्यांचा ऊस. पाणी कोणी स्वतःच्या मनानं फोडायचं नाही, पाटकरी देईल तेव्हा घ्यायचं. शेकडो वर्षं चाललं हे. माझ्या आजोबांचा तुकडा पाटाच्या शेवटाला होता, आणि तरी त्यांचं पीक कधी सुकलं नाही, असं आबा सांगायचे. ज्या मातीत शेवटच्या तुकड्याला पाणी पोचायचं, त्या मातीतली सात पोरं दहा मीटरच्या मैदानात एकमेकांना हात देत नाहीत. संताप येतो तो याचा.

पण संताप पोरांवरच काढत बसलो तर मी खोटारडा. त्या चहाच्या टपरीवर माझ्या पुतण्यानं मला आणखी एक गोष्ट ऐकवली, ती इतके दिवस मी गिळून बसलो होतो.

आमच्या संघाचा डावा कोपरा म्हणजे गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतला एक पोऱ्या. बोलायला मुका, पण पायाला जळू. समोरचा गडी कितीही मोठा असो, तो एकटा कधी पुढे जायचा नाही. शेजारच्याचा हात धरून थांबायचा, थांबायचा, आणि योग्य वेळी असा खाली जायचा की गडी जागच्या जागी. त्याच्या शेजारी माझा पुतण्या उभा असायचा. दोघांचं इतकं जमायचं की डोळ्यानं खूण करावी लागत नसे. पकड झाली की तो ओरडायचा, "बठ्ठा संगे या रे!" आणि सगळे धावायचे. आधीच्या वर्षी आम्ही ज्या दोन स्पर्धा जिंकल्या, त्या या पोराच्या जिवावर. गावाला मात्र त्या चढाईवाल्यानं जिंकून दिल्यासारख्या आठवतात.

दिवाळीनंतर तो घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला. दरवर्षी जातो. स्पर्धेसाठी त्याला चार दिवस बोलावून घ्यायचं, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी द्यायची, असा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला होता. कोणीतरी म्हणालं, पकडीला काय, कोणीही उभा राहील. आणि पाच हजार रुपये देऊन बाहेरगावचा एक चढाईवाला आणला. त्याच्या फोटोचा फ्लेक्स एसटी स्टँडवर लागला. तो बाहेरगावचा गडी वाईट नव्हता, त्यानं एकट्यानं अकरा गुण घेतले. पण त्याला आमच्या पोरांची नावंसुद्धा माहीत नव्हती. आणि डाव्या कोपऱ्यात उजव्या कोपऱ्याचा माणूस, उजव्या कोपऱ्यात कोणीतरी राखीव, आतल्या जागी माझा पुतण्या, ज्याला शेजारी कोण उभं आहे याचीच सवय नाही. मग हात सुटेल नाही तर काय होईल?

पुतण्या म्हणाला, "त्या बैठकीत तुम्ही व्हतात ना दादा? तुम्ही काब्र नही बोलनात?"

होतो मी. बोललो नाही. फ्लेक्सच्या वर्गणीत माझेही दोनशे रुपये होते. एवढंच नाही, गेल्या काही वर्षांत भर मैदानात जाऊन मी चढाईवाल्यांच्या हातात किती वेळा शंभराची नोट दिली असेल! माइकवरून नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, बरं वाटतं. त्या डाव्या कोपऱ्याला मी एकदाही दहा रुपये दिले नाहीत. पकड झाल्यावर माइकवाला नाव तरी कोणाचं घेणार, चौघं एकमेकांवर पडलेले असतात. पोरांनी हे सगळं बघितलंय. ज्या खेळाला गाव नोटा देतं तोच खेळ पोरं शिकतात. त्या उजव्या कोपऱ्यानं एकट्यानं झेप का घेतली? एकट्यानं धरलं असतं तर माइकवर त्याचं एकट्याचं नाव आलं असतं, म्हणून. त्याला ही अक्कल मोबाइलनं नाही दिली, आम्ही दिली.

यंदा गणपतीनंतर मंडळाची पोरं वर्गणीला आली. मी म्हणालो, पाचशे देतो, पण माझे पैसे चढाईच्या बक्षिसात घालायचे नाहीत. त्या डाव्या कोपऱ्याच्या येण्याजाण्याला आणि मजुरीला घालायचे. कमी पडले तर आणखी देईन. आणि पावतीवर तसं लिहायचं.

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. पावती पुस्तक हातात असलेला म्हणाला, "दादा, आसं लिवता येत नही. बैठकमा इचारसूत."

नोट मी परत खिशात घातली. ऊसतोडीचा मुकादम या वेळी दसऱ्यालाच येऊन उचल देऊन गेला. बैठक अजून झालेली नाही.