सागाची चौकट मोडीत, एमडीएफचा झरोका भिंतीवर

लातुरात मी फर्निचरची कामं घेतो. आजकाल गिऱ्हाईक मोबाईलमधला फोटो पुढे करतच येतं. ‘हॉलमध्ये असा राजस्थानी झरोका पाहिजे, बेडरूमला केरळ टाइप दार.’ झरोका एमडीएफचा, मशीनवर कापलेला, वर सोनेरी स्प्रे. करून देतो, पोट त्यावरच आहे. पण याच माणसानं गावाकडचा वाडा पाडताना सागाची चौकट मोडीच्या भावात घातलेली असते, तेव्हा जीव कळवळतो.

परमुलखाच्या वस्तूंना माझी हरकत नाही. मराठवाड्यातलं घर एकाच मुलखाचं कधी नव्हतंच. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. फरशी शहाबादची, कपाटातल्या लाकडी बाहुल्या नांदेडपलीकडच्या निर्मळच्या, पानाचा डबा उदगीरपलीकडच्या बीदरचा. जस्त-तांब्याच्या धातूत चांदीची तार ठोकून बसवायची आणि बीदरच्या किल्ल्यातली माती लावून धातू काळा करायचा. चांदी तेवढी चमकत राहते. किनवटकडच्या तांड्यांवरचं आरसे-कवड्यांचं भरतकाम तर आपल्या दारातलंच. ते कुणी मागत नाही.

बुद्धाचं नुसतं डोकं चपलांच्या रॅकवर बसवायला सांगतात, ते मात्र मी करत नाही. शेजारच्या घरी त्याच बुद्धासमोर रोज वंदना होत असते.

वाडा जसाच्या तसा राखा, असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. गळू नये म्हणून त्या माळवदांवर वर्षानुवर्षं माती चढत गेली होती. त्या धसक्यानं पुढे कितीतरी वाडे उतरवले, ते रास्तच होतं. पण त्या पहाटेही काही घरांत भिंती बाहेर पडल्या आणि लाकडी खण तसेच उभे राहिले. लाकडानं दगा दिला नव्हता.

जुन्या चौकटीवरचे ऑइलपेंटचे थर खरवडले की साग उघडा पडतो, गणेशपट्टीवरच्या कमळांच्या पाकळ्या मोकळ्या होतात. बारीक भोकांतून भुगा गळत असेल तर तेवढा भाग कापून टाकायचा. फ्लॅटच्या मोठ्या दाराला ही चौकट बुटकी पडते, देवघराला मात्र छान बसते. तुळईचा बाक होतो. मजुरी लागते, नाही असं नाही. पण लाकूड घरचं असतं. पाडकामाची तारीख ठरली की आधी सुताराला बोलवा, टेम्पोवाल्याला मागून.