एका वांकड्या चेहऱ्याविषयीं

चित्रकलेच्या तासास एकदां आम्हीं एका प्रसिद्ध व्यक्तिचित्राची छापील प्रत भिंतीवर लावली, तोंच वर्गांत हंशा पिकला. "गुरुजी, या गृहस्थांचा आरसा फुटला कीं काय?" असें एकानें विचारलें. पुढें एका पालकांनींही, असलीं चित्रें दाखवून मुलांचें काय हित साधतें, असा प्रश्न केला. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

तें चित्र पाब्लो पिकासो या स्पॅनिश चित्रकारानें १९१० सालीं पॅरिस येथें रंगविलें. मूळ चित्र अमेरिकेंतील शिकागोच्या कलासंग्रहालयांत आहे. चित्राचा विषय डॅनियल-हेन्री कानवायलर नांवाचे जर्मन चित्रविक्रेते. या चित्रपद्धतीस क्युबिझम अथवा घनवाद म्हणतात, आणि हें नांवही थट्टेंतूनच पडलें. १९०८ सालीं ब्राक या चित्रकाराचीं चित्रें पाहून, येथें सर्व वस्तूंचे घन करून टाकले आहेत, अशा अर्थाचा टोमणा एका टीकाकारानें मारला होता. तेव्हां हंसणारे आमचे विद्यार्थी कांहीं पहिलेच नव्हेत.

प्रथम पाहतां या चित्रांत करड्या व तपकिरी तुकड्यांखेरीज कांहींच दिसत नाहीं. परंतु घाई न करतां खालून वर दृष्टि न्यावी. खालीं मध्यभागीं एकमेकांत गुंफलेले दोन हात सांपडतात. त्यांच्या वर घड्याळाची सांखळी, मग गळपट्ट्याची गांठ, आणि अखेरीस केसांची एक लहर. एवढ्या खुणा सांपडल्या म्हणजे शांतपणें बसलेला मनुष्य हळूहळू पुढें येतो. रंग थोडे ठेवले आहेत, त्यामुळें पाहणाऱ्याचें लक्ष आकारांवरून ढळत नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं? छायाचित्र एका क्षणीं, एका जागेवरून दिसणारें रूप टिपतें. कानवायलर मात्र चित्रकारासमोर वीस-तीस वेळां बसले, असें सांगतात. इतक्या बैठकींत मनुष्य हलतो, वळतो, विचारांत पडतो. मग चित्रांत त्याची एकच बाजू कां यावी? अनेक बाजूंनीं पाहिलेलें एकाच पटावर मांडण्याचा हा यत्न आहे. आमच्या देशास ही कल्पना अगदींच परकी नाहीं. मुंबईजवळ घारापुरीच्या लेण्यांत सदाशिवाची भव्य मूर्ति आहे. तिचीं तीन मुखें समोर दिसतात, एक शांत, एक उग्र व एक कोमल. शिल्पकाराचा हेतु तेथें निराळा होता. तथापि एका मुखांत सर्व कांहीं मावत नाहीं, हें त्यानेंही जाणलें होतें. आमच्या काळाजवळचें उदाहरण पाहिजे असल्यास इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांचें घ्यावें. १९५० पासून बडोद्यास चित्रकला शिकवीत असतां त्यांनीं घनवादी रचनेचे प्रयोग केले, आणि त्या रचनेंत आपल्याकडील माणसें बसविलीं.

याचा अर्थ प्रत्येक वांकडी रेघ म्हणजे कला, असा नव्हे. कसोटी सोपी आहे: बराच वेळ पाहिल्यावर चित्र अधिक सांगूं लागतें, कीं गप्प होतें? इतकें करूनही तें न आवडल्यास तसें म्हणण्यास कोणाची ना नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, निकाल पाहण्याच्या आधीं देऊं नये.

हें आम्ही केवळ चित्रापुरतें लिहीत नाहीं. एका फाल्गुनांत आमचा एक विद्यार्थी रोज तासास पेंगत असे. आम्हीं त्यास आळशी ठरविलें व वर्गादेखत तसें बोललों. पुढें एका रात्रीं हट्ट्याच्या शिवारांतून येत असतां तोच मुलगा हळद शिजविण्याच्या कढईखालीं जाळ घालतांना दिसला. वडील आजारी, म्हणून कित्येक रात्रीं तो तेथें जागत होता. त्याचीं बोटें पिवळीं झालीं होतीं, आणि तीं बोटें आम्हीं वर्गांत कधीं पाहिलींच नव्हतीं. आमच्यापाशीं त्याची एकच बाजू होती, तीही आमच्या खुर्चीवरून दिसणारी. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. परंतु तोंवर त्यानें प्रश्नास हात वर करणें सोडून दिलें होतें. तो हात पुन्हा वर येण्यास एक वर्ष लागलें.

ती प्रत चित्रकलेच्या वर्गांत अद्याप लावलेली आहे. पालकांनीं मुलांसह अवश्य यावें, आणि ते दोन हात सांपडेपर्यंत तिच्यापुढें उभें राहावें. मग हंसूं आल्यास खुशाल हंसावें.