गोठवलेले भ्रूण : आधी घ्यावयाचा निर्णय

लग्नाला काही वर्षे उलटूनही पाळणा हलला नाही, की जालन्यातील दांपत्ये उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे वा मुंबई गाठतात. तेथे अनेकदा सल्ला मिळतो, की तयार झालेले भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवावेत. इंजेक्शने सोसूनही पुन्हा थांबायचे कशासाठी, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडतो.

या थांबण्याला कारण आहे. एकाच वेळी अनेक बीजे तयार व्हावीत म्हणून दिलेल्या औषधांनी संप्रेरकांची पातळी वाढते व बीजांडकोश सुजतात. काही स्त्रियांच्या, विशेषतः पीसीओएस असलेल्यांच्या, पोटात पाणीही साठते आणि त्याच महिन्यात गर्भ राहिल्यास त्रास बळावतो. भ्रूण उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेवले, तर शरीराला सावरण्यास अवधी मिळतो. पहिला प्रयत्न फसला आणि भ्रूण शिल्लक असले, तर बीजे पुन्हा काढावी लागत नाहीत. तथापि ही पद्धत प्रत्येकीसाठी सरस नव्हे. बीजनिर्मिती नियमित असलेल्या स्त्रियांत ताज्या भ्रूणानेही तितकेच यश मिळू शकते. शिवाय गोठवलेल्या भ्रूणानंतरच्या गरोदरपणात रक्तदाबाचा धोका काहीसा अधिक आढळतो.

या तंत्राचा भारतीय आरंभ जुना आहे. 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात जन्मलेल्या कन्येचा भ्रूण डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 53 दिवस गोठवून ठेवला होता. त्यांच्या हयातीत त्यांची उपेक्षाच झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलेल्या परीक्षानलिका बालिकेच्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर वाटा असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून अग्रक्रमाचा मान त्यांना दिला.

गर्भात जीव मानणाऱ्या जैन कुटुंबापुढे मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो : अपत्य झाल्यावर उरलेल्या भ्रूणांचे काय? 2021च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ दिले जातात किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास दिले जातात. हा प्रश्न दहाव्या वर्षी उकलत नाही, तो पहिल्या दिवशीच विचारावा लागतो. मोजक्याच बीजांचे फलन करून उरलेली बीजे फलनाविना गोठवणे शक्य असते. त्याने यशाची संधी काहीशी घटते, परंतु मागे उरणारे भ्रूणही कमी होतात. यांतील काय पत्करावे, हे पती-पत्नींनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. संमती त्यांचीच लागते आणि रोपणापूर्वी ती मागे घेण्याचा अधिकारही त्यांचाच असतो.

व्यवहाराच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचण्याची शिस्त व्यापारी घरांत आहेच. संमतिपत्रही त्याच शिस्तीने वाचले जावे, आणि सुनेला काय वाटते हे सर्वांत आधी ऐकले जावे.